दिवसाची मर्यादा की आठवड्याची बेरीज? आठ तासांच्या पाळीचा इतिहास आणि तिचे फायदे

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तेव्हापासून कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत एक वाक्य वारंवार ऐकू येते: ‘आठवड्याचे ४८ तास तर तेवढेच राहणार आहेत, मग बिघडले कुठे?’ हा धागा त्या वाक्यासाठी काढला आहे. माझे म्हणणे असे की कामगारांनी शंभर-सव्वाशे वर्षे जे मागितले ते प्रामुख्याने दिवसाचे माप होते, आठवड्याची बेरीज नंतर आली. आणि हा क्रम उलटा केला की बेरीज तीच राहूनही पदरात पडलेले बरेच काही निसटते.

इतिहासाकडे पाहिले तर हे सहज दिसते. ब्रिटनमधील गिरणीमालक रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ साली ‘आठ तास काम, आठ तास मनोरंजन, आठ तास विश्रांती’ ही मांडणी केली. तिचे एकक चोवीस तासांचा दिवस हेच आहे. १८४० साली न्यूझीलंडमध्ये नुकत्याच उतरलेल्या सॅम्युएल पार्नेल या सुताराने एका व्यापाऱ्याचे दुकान बांधून देण्याचे काम घेताना ‘दिवसाला आठच तास’ अशी अट घातली, आणि वसाहतीत दुसरा सुतार सहज मिळण्यासारखा नसल्याने व्यापाऱ्याला ती मान्य करावी लागली. (तुटवडा असलेल्या कारागिराला अट घालता येते, हे आपल्याकडच्या चांगल्या पॅटर्नमेकरलाही (ओतकामाच्या साच्यासाठी नमुना घडवणाऱ्या कारागिरालाही) ठाऊक आहे.) पुढे १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेने कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि १३ ते १८ वयोगटातील मुले यांच्यासाठी दहा तासांचा कायदा केला. मेलबर्न विद्यापीठाच्या बांधकामावरील पाथरवटांनी २१ एप्रिल १८५६ रोजी हत्यारे खाली ठेवली, संसदभवनाकडे मोर्चा नेला आणि मजुरीत कपात न होता आठ तासांचा दिवस मिळवला. शिकागोत १ मे १८८६ पासून झालेला संप, ४ मे रोजी हेमार्केट चौकात झालेला बॉम्बस्फोट आणि नंतरच्या फाशीच्या शिक्षा बहुतेकांना माहीत आहेत. त्या संपाची मागणीही आठ तासांच्या दिवसाचीच होती, आणि १८८९ च्या पॅरिस परिषदेच्या ठरावानुसार १८९० पासून जगभर कामगार दिन पाळला जाऊ लागला.

आपल्याकडची गोष्ट मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती शाळेत फारशी शिकवली जात नाही. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी ही त्यातील गाजलेली मागणी. पण दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, अशा दिवसाला बांध घालणाऱ्या मागण्याही त्यातच होत्या. गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य केली, म्हणजे पहिल्या कामगार दिनानंतर अवघ्या चाळीस दिवसांनी. दोन्हींचा परस्परांशी संबंध होता असे मी म्हणत नाही, पण तारखा शेजारी ठेवल्या की बरे वाटते.

सूर्यास्ताची ही अट साधी नव्हती. गिरण्या उजेडावर चालत असल्याने उन्हाळ्यात दिवस मोठा तर पाळीही मोठी असे, परंतु अंधार पडला की यंत्रे थांबवावीच लागत. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेजीचा काळ होता, आणि काही ठिकाणी काम चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबले. निसर्गाने घातलेली मर्यादा गेली तेव्हा कायद्याने मर्यादा घालण्याची गरज उघड झाली. १८८१ चा पहिला कारखाना कायदा केवळ मुलांपुरता होता, १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी ११ तास ठरवले. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला हात घातला तो १९११ च्या कायद्याने, तोही कापड गिरण्यांपुरता आणि १२ तासांवर. तिथून १९२२ मध्ये दिवसाला ११ व आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी १० व ५४ तास, १९४६ च्या दुरुस्तीने ९ व ४८ तास, आणि १९४८ च्या कायद्यात तेच कायम, अशी ही उतरंड आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात ८ तासांचा दिवस व ४८ तासांचा आठवडा ठरवला, त्या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी उपस्थित होते. भारतापुरते मात्र ६० तासांचे वेगळे कलम घालण्यात आले. ते अंतर तोडायला आपल्याला सत्तावीस वर्षे लागली.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक तपशील. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. शाहू मिल १९०६ ची, पण कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी, आणि १९४८ चा कारखाना कायदा अमलात आला १ एप्रिल १९४९ रोजी. विलीनीकरण आणि नऊ तासांची कायदेशीर मर्यादा यांत येथे एका महिन्याचेच अंतर आहे.

१९४८ चा कायदा वाचताना एक गोष्ट लक्षात येते. आठवड्याच्या ४८ तासांखेरीज त्यात दिवसाचे ९ तास आहेत, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आहे, विश्रांतीसह सगळा पसारा साडेदहा तासांत आटोपण्याचे बंधन आहे आणि जादा कामाला दुप्पट मजुरी आहे. चारांपैकी तीन तरतुदी एकेका दिवसाच्या आहेत. कायदा करणाऱ्यांना आठवड्याची बेरीज पुरेशी वाटली असती तर त्यांनी एवढे खटाटोप केले नसते.

उद्यमनगरकर

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु कारखानदाराची बाजू मांडणे आवश्यक वाटते. माझे छोटे ओतकामाचे युनिट आणि त्याला जोडून मशीन शॉप आहे. भट्टी तापवणे, धातू वितळवणे, साचे भरणे आणि ओतणे ही साखळी घड्याळाकडे पाहून तोडता येत नाही. आठ तासांच्या तीन पाळ्या लावायच्या तर तीन संच माणसे, तीन सुपरवायझर आणि तीन वेळा कामाची देवाणघेवाण करावी लागते. बारा तासांच्या दोन पाळ्यांत हेच काम दोन संचांत भागते. आज कुशल मोल्डर मिळत नाही. आपल्या भागातील मुले पुण्याला जातात आणि ओतकामावर परराज्यांतून आलेल्या कामगारांवाचून गत्यंतर नाही. त्या कामगारांना विचाराल तर ‘जादा काम द्या’ अशीच त्यांची मागणी असते, कारण घरी पैसे पाठवायचे असतात.

दुसरे असे की राधानगरी, भुदरगडकडून रोज येणाऱ्या कामगारांचा येण्या-जाण्यात मोठा वेळ जातो. चार दिवस बारा तास काम आणि तीन दिवस सुट्टी अशी रचना झाली तर त्यांच्या दोन फेऱ्या वाचतील आणि शेताकडेही लक्ष देता येईल. यात शोषण नेमके कुठे आहे, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

पंचगंगाकाठ

उद्यमनगरकर साहेब, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आपल्याच धंद्यातून देतो. इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे मॅथर अँड प्लॅट या कंपनीचा यंत्रनिर्मितीचा कारखाना होता. विल्यम मॅथर यांनी १८९३ मध्ये तेथे आठवड्याचे तास ५३ वरून ४८ वर आणले आणि मजुरी न कापता वर्षभर हिशेब ठेवला. त्या काळी कामगार भल्या पहाटे कामावर येत, थोडे काम करून न्याहारीसाठी थांबत आणि पुन्हा कामाला लागत. न्याहारीपूर्वीचा हा वेळ बहुतांश वाया जातो, त्या वेळेसाठी दिवे आणि वाफ मात्र खर्च होते, असे मॅथर यांचे निरीक्षण होते. तो वेळच काढून टाकल्यावर उशिरा येणे आणि खाडे कमी झाले, आणि वर्षअखेर उत्पादनात घट दिसली नाही. त्या अनुभवानंतर ब्रिटिश सरकारने १८९४ मध्ये स्वतःच्या शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांत ४८ तास लागू केले. जर्मनीत येना येथील झाइस या भिंगांच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० मध्ये दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला. तेथे तर एकूण उत्पादन किंचित वाढले.

हे दोघेही मालक होते, आणि आबे तर मूळचे पदार्थवैज्ञानिक असल्याने आकडेमोडीत कच्चे नव्हते. त्यांना सापडले ते असे की थकलेल्या माणसाचा नववा-दहावा तास हजेरीपटावर पूर्ण तास म्हणून नोंदला जातो, मालात मात्र तो अपुरा उतरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासातूनही थोडे घेऊन जातो. आपल्या हिशेबात बारा तासांच्या दोन पाळ्या स्वस्त दिसतात, कारण नाकारलेले कास्टिंग, पुन्हा करावे लागलेले मशीनिंग आणि हाताला झालेली इजा यांचे रकाने वेगळ्या वहीत असतात. आपल्याकडे नाकारलेल्या मालाची नोंद पाळीतील तासांनुसार ठेवली जाते का? नसेल तर एक महिना ठेवून पाहावी.

चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी ही रचना कागदावर आकर्षक आहे. परंतु त्याच मंजुरीत तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर गेली आहे, याकडेही पाहावे. ते तीन दिवस मोकळेच राहतील याची हमी कोणी दिलेली नाही.

हिशेबनीस

वरील शेवटच्या मुद्द्याचा हिशेब मांडतो. तिमाहीत १३ आठवडे धरले तर १४४ तास म्हणजे आठवड्याला सुमारे ११ तास. ४८ अधिक ११, म्हणजे ५९ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ तासांमुळे जगभर ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज आहे. अर्थात जुन्या ११५ तासांच्या मर्यादेनेही बेरीज ५६-५७ पर्यंत जातच होती, त्यामुळे आधी सारे आलबेल होते असे समजू नये.

माणगावकर

या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा उल्लेख राहून गेला याचे आश्चर्य वाटते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना १९४२ साली त्यांनीच कामाचे तास १४ वरून ८ वर आणले. ज्या माणगावात १९२० साली शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले, त्या भागातील लोकांनी तरी हे विसरू नये.

पंचगंगाकाठ

माणगावकर साहेब, उल्लेख व्हायलाच हवा होता, आणि तो नेमकेपणाने व्हावा असे वाटते. १४ वरून ८ हे वाक्य समाजमाध्यमांवर फिरते, परंतु कायद्याच्या पुस्तकात १९३४ पासूनच बारमाही कारखान्यांना दिवसाला १० तासांची मर्यादा होती, त्यामुळे १९४२ मध्ये कायदेशीर मर्यादा १४ तास असण्याचा प्रश्न येत नाही. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये मजूर खात्याची सूत्रे घेतली. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदांतून कामगारविषयक प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत पुढे सरकत गेले आणि १९४६ च्या आरंभी त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात कारखाना कायद्याची दुरुस्ती मांडली. तिने बारमाही कारखान्यांचे तास ५४ वरून ४८ वर, हंगामी कारखान्यांचे ६० वरून ५० वर आणले आणि जादा कामाला सरसकट दुप्पट दर दिला. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्यातील हंगामी कारखान्यांची तरतूद विशेष महत्त्वाची, कारण साखर कारखाने त्यात येतात.

दुप्पट दराचा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करतो. हा दर कामगाराला बक्षीस म्हणून ठेवलेला नाही. जादा तास मालकाला महाग पडावेत आणि त्याने त्याऐवजी आणखी एक माणूस कामावर घ्यावा, हा त्यामागचा विचार आहे. मूळ पगार एवढा तुटपुंजा ठेवायचा की जादा कामाशिवाय घर चालू नये, आणि मग ‘कामगारच जादा काम मागतात’ असे म्हणायचे, यात तो विचार उलटा होतो. उद्यमनगरकर साहेब, हे आपल्याला उद्देशून नाही, एकूण प्रथेबद्दल आहे.

धोटा

इचलकरंजीहून लिहीत आहे. नऊ की बारा ही चर्चा आमच्याकडे थोडी परकी वाटते, कारण यंत्रमागावर बारा तासांच्या दोन पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, आणि त्यानंतर गाव वाढले ते मागांच्या खडखडाटातच. माझे वडील आणि दोन्ही चुलते याच पाळ्यांत राबले. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा आठवडा रातपाळी. मजुरी मीटरवर. मीटरवर मजुरी असली की तासांची मर्यादा कामगार स्वतःच ओलांडतो, कारण माग थांबला की मजुरी थांबते, मग तो वीज गेल्यामुळे थांबो की सूत तुटल्यामुळे. जादा कामाचा दुप्पट दर ही गोष्ट वडिलांनी फक्त भाषणांत ऐकली.

शिवाय एका छताखाली असलेले माग घरातील वेगवेगळ्या माणसांच्या नावांवर दाखवण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे कामगारसंख्या कायद्याच्या खाली राहते. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरत असे. केंद्राच्या नव्या कामगार संहितेत ही संख्या २० झाली आहे. तेव्हा आठ तासांचा दिवस हवा असेल तर आधी तो दिवस कोणाला लागू होतो हे पाहावे लागेल. आणि मीटरचा दर न वाढवता तास कमी केले तर ती सरळ मजुरीकपात होईल, हेही लक्षात असू द्यावे.

पंचगंगाकाठ

धोटा, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. मेलबर्नच्या पाथरवटांनी मजुरी तेवढीच राहावी ही अट मागणीसोबतच घातली होती ती याच कारणाने. हेन्री फोर्ड यांनी जानेवारी १९१४ मध्ये पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली तेव्हा त्याच घोषणेत रोजची मिळकत पाच डॉलरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दुप्पट केली. त्यांचा हेतू धर्मादाय नव्हता. कामगार टिकत नसत, सतत नवे भरावे लागत, आणि आठ तास केले की दिवसाच्या तीन पाळ्या बसत होत्या. उद्यमनगरकर साहेबांना ज्या तीन पाळ्या अडचणीच्या वाटतात, त्याच फोर्ड यांना सोयीच्या वाटल्या.

मीटरच्या दराचा गुंता मात्र कारखाना कायद्याने सुटण्यासारखा नाही. तेथे किमान वेतनाचा हिशेब आठ तासांच्या अपेक्षित उत्पादनावर बांधून दर ठरवावा लागेल, आणि तो ठरवताना जुने साधे माग आणि नवे धोटाविरहित माग यांना एकच फूटपट्टी लावता येणार नाही.

मोजपट्टी

धागाकर्त्यांची मांडणी आकर्षक असली तरी एक त्रुटी दाखवणे भाग आहे. आपण दिवसाच्या मर्यादेचा आग्रह धरता, परंतु येथे दिलेला आरोग्याचा पुरावा आठवड्याच्या तासांवर आधारलेला आहे. जॉन पेन्कॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये मांडलेला प्रसिद्ध निष्कर्षही तसाच आहे: साधारण ४८-४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढते, पुढे वाढीचा वेग मंदावतो आणि ७० तासांत मिळणारे उत्पादन ५६ तासांतील उत्पादनापेक्षा फारसे वेगळे नसते. (आठवड्याला ७० आणि ९० तास काम करण्याचे सल्ले देणाऱ्या आपल्याकडच्या उद्योगपतींनी तो शोधनिबंध अवश्य वाचावा.) यातून आठवड्याची मर्यादा सिद्ध होते, दिवसाची नव्हे.

दुसरे असे की कमी तासांचे प्रयोग सर्वत्र फुकटात यशस्वी झालेले नाहीत. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात स्वार्तेदालेन या वृद्धाश्रमातील परिचारिकांसाठी २०१५-१६ मध्ये पगार न कापता सहा तासांचा दिवस करण्यात आला. आजारपणाच्या रजा घटल्या, वृद्धांना अधिक वेळ मिळू लागला. पण रिकामे तास भरण्यासाठी १७ जादा माणसे घ्यावी लागली आणि खर्चाच्या कारणाने प्रयोग पुढे नेला गेला नाही. कार्यालयात बैठका कमी करून वेळ वाचतो. जेथे माणसाची हजेरी हेच काम आहे तेथे तो वाचत नाही.

पंचगंगाकाठ

मोजपट्टी, आपली हरकत योग्य ठिकाणी लागली आहे, म्हणून दिवसाचा स्वतंत्र पुरावा देतो. सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर यांनी २००३ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांतील अपघातांची आकडेवारी पाळीच्या लांबीनुसार एकत्र केली. आठ तासांच्या पाळीच्या तुलनेत दहा तासांच्या पाळीत इजा वा अपघाताचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी आणि बारा तासांच्या पाळीत सुमारे २७ टक्क्यांनी अधिक आढळला. आठवड्यात नंतर सुट्टी किती मिळते याने अकराव्या तासाला प्रेसखाली असलेला हात वाचत नाही. रातपाळीचा धोका यात वेगळा मिळवावा लागतो.

चार दिवसांच्या आठवड्याच्या नावाखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात, हेही येथे सांगायला हवे. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये ६१ कंपन्या आणि सुमारे २,९०० कर्मचारी यांच्यावर जो सहा महिन्यांचा प्रयोग झाला, त्याचे तत्त्व पूर्ण पगार, ८० टक्के वेळ आणि पूर्ण काम असे होते. आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ दरम्यान सुमारे अडीच हजार सार्वजनिक कर्मचाऱ्यांचा आठवडा ४० तासांवरून ३५-३६ तासांवर आणला गेला, तोही पगार न कापता. या प्रयोगांत तास खरोखर घटले. आपल्याकडे त्यांचे दाखले देऊन जे सुचवले जाते त्यात एकही तास घटत नाही. ४८ तास सहाऐवजी चार दिवसांत कोंबले जातात. ब्रिटनच्या प्रयोगाचे यश या रचनेच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

स्वार्तेदालेनच्या खर्चाबाबत आपल्याशी सहमत आहे. तेथे प्रश्न पैसा कोणी द्यायचा हा होता, आणि तो रुग्णालये व वृद्धाश्रमांत नेहमीच राहील.

राजारामपुरीची ताई

रुग्णालयांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी खासगी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम केले आहे. बारा तासांची ड्युटी म्हटली तरी पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देऊन बाहेर पडेपर्यंत तेरावा तास लागतोच. अमेरिकेतील परिचारिकांच्या २००४ मधील एका अभ्यासात साडेबारा तास किंवा अधिक काम झाल्यास चूक होण्याची शक्यता तिप्पट असल्याचे दिसले होते. ते वाचून मला काही नवे कळले नाही. पाळीच्या शेवटी औषधाची मात्रा मोजताना आम्ही एकमेकींकडून पुन्हा तपासून घेत असू, आणि तसा नियम कोणी घालून दिलेला नव्हता.

पण मला बोलायचे आहे ते घराबद्दल. येथे सर्व बंधूंनी कारखान्याच्या फाटकापर्यंतचाच दिवस मोजला आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरातील विनावेतन काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. नवऱ्याची पाळी बारा तासांची झाली की ती ९७ मिनिटेही घरातून जातात. आणि बाई स्वतः बारा तास बाहेर असेल तर तिची २९९ मिनिटे कोठेही जात नाहीत, ती झोपेतून वजा होतात. तीन दिवस लागून सुट्टी मिळाली म्हणून चार दिवसांचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधे त्या तीन दिवसांत उरकता येत नाहीत. ही कामे रोजची आहेत. म्हणून धागाकर्त्यांचा दिवसाचा मुद्दा मला पटतो, फक्त त्याचे सर्वांत मोठे कारण त्यांच्या लेखात नव्हते.

कचेरीकर

शासकीय कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढवण्यात आली. माझ्या मते तो सौदा चांगला ठरला. दिवस थोडा वाढवून सुट्टी मिळवणे नेहमीच वाईट असते असे नाही.

पंचगंगाकाठ

कचेरीकर साहेब, सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा यात जेवणाची सुट्टी धरूनही साडेआठ तास होतात, म्हणजे आपण ओवेन यांच्या मापाजवळच आहात. सौदा चांगला ठरला तो त्यामुळे. कामगार संहितांच्या बाबतीतही हेच पाहण्यासारखे आहे: २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत दिवसाला आठ तास असेच लिहिलेले आहे, परंतु विश्रांती धरून ते तास किती वेळात पसरवायचे हे शासनाच्या अधिसूचनेवर सोपवले आहे. १९४८ च्या कायद्यात साडेदहा तासांचा पसारा मूळ कलमातच होता. यापुढे ज्यांना या विषयावर लक्ष ठेवायचे आहे त्यांनी कायद्यापेक्षा अधिसूचना वाचाव्यात.

ताई, आपला मुद्दा मूळ लेखात असायला हवा होता. तो आता धाग्यात आला आहे, आणि माझ्या कोणत्याही आकड्यापेक्षा तो अधिक वजनदार आहे.

उद्यमनगरकर

चर्चा वाचून माझ्यापुरते काही ठरवले आहे. भट्टी आणि ओतकाम येथे आठ तासांच्या पाळ्या ठेवणे मला मान्य आहे, कारण तेथे चूक झाली तर ती माणसाच्या अंगावर येते. नाकारलेल्या मालाची तासवार नोंदही ठेवून पाहीन. मशीन शॉपमध्ये मात्र ज्यांना चार दिवसांची रचना हवी आहे त्यांना ती दहा तासांपर्यंत देण्याचा पर्याय असावा, असे मला अजूनही वाटते. त्याचे आठवड्याला ४० तास होतात आणि पगार ४८ तासांचाच ठेवता येईल का, याचा हिशेब मी मांडत आहे. हिशेबनीस साहेबांनी त्यात मदत केली तर आनंद होईल.

अडचण उरते ती दुसऱ्या पाळीची. रात्री अकराला सुटणाऱ्या कामगाराला राधानगरीकडे जायला गाडी नसते, आणि म्हणूनच तो सकाळपर्यंत कारखान्यातच थांबतो व जादा काम मागतो. एकट्या छोट्या युनिटला बस परवडत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या आठ-दहा युनिटांनी मिळून एक बस लावली, पाळ्या सुटण्याची वेळ एकच ठेवली आणि खर्च माणशी वाटून घेतला, तर ते जमण्यासारखे आहे. तसे करू इच्छिणारे कारखानदार येथे असतील तर त्यांनी आपली कामगारसंख्या आणि पाळ्यांच्या वेळा याच धाग्यावर कळवाव्यात.